रणदिव्यांचं मँगनीज

माणसांना मोजायला व्होल्ट हे माप चालतं, हे मला रणदिव्यांमुळे कळलं. आमच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरच्या लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो, कल्याणला पारनाक्याजवळ. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, नवरा-नवरी एकमेकांकडे न बघता हार घालून मोकळी झाली. पंगतीत मसालेभात वाढून घेताना रणदिवे माझ्या कानाशी लागले आणि म्हणाले, "दीड व्होल्ट. फार तर दोन."

"कशाचे?"

"बंधाचे हो. पण टिकेल. दीड व्होल्टवालेसुद्धा जन्मभर टिकतात, कुणी तापवलं नाही तर."

शेजारच्या पानावर नवरीचे मामा बसले होते. ते आमच्याकडे रोखून बघत होते. मी घाईघाईने मठ्ठा मागवला.

मधुसूदन रणदिवे आमच्या प्रयोगशाळेत वर्णपटाचं काम बघत. कारखाना पोलादाचं ओतकाम करणारा, कल्याणच्या पुढे नदीच्या अंगाला. मी तिथला केमिस्ट, ठाण्याहून जाऊन-येऊन करायचो. पोलादात मँगनीज किती आहे हे मी ब्युरेट हातात धरून शोधायचो आणि त्यात माझा अर्धा दिवस जायचा. रणदिवे पोलादाच्या दोन काड्या समोरासमोर धरून त्यांच्यात विजेची कमान पेटवत, तिचा प्रकाश लोलकातून काचेच्या प्लेटवर पाडत आणि प्लेट धुऊन तासाभरात तेच उत्तर देत. म्हणजे खरं तर आमचं पटायला नको होतं. पण दोघांनाही मॅनेजर आवडत नव्हता, आणि अशा पायावर उभी राहिलेली मैत्री फार पक्की असते.

हे एकोणपन्नास-पन्नासच्या सुमाराचं. रणदिवे तेव्हा तिशीचे असतील. उंच, किंचित वाकलेले, आणि डाव्या तळहातावर सतत तंबाखू मळणारे. बोलताना मळायचे, विचार करताना मळायचे, मॅनेजर झापत असताना तर अगदी मन लावून मळायचे. बोटाच्या टोकावर चुना घ्यायचा, उजव्या अंगठ्याने घोटायचं, टाळी द्यायची. एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात आलेला माणूस आणि हा असला शौक, म्हणून मी एकदा टोकलं. म्हणाले, "अहो वैद्य, कारखान्यात माझ्या मर्जीने चालणारी ही एवढी एकच गोष्ट आहे. ती तरी राहू द्या."

त्यांना कोंडल्यासारखं वाटायचं, आणि ते लपवण्याची कला त्यांना नव्हती. ते कुठलंही दार लावत नसत. प्रयोगशाळेचं दार उघडं, कपाट उघडं, घरी गेलो तर जिन्याचं दारही सताड. एका दाराला मात्र इलाज नव्हता, प्लेट धुण्याच्या अंधाऱ्या खोलीच्या. तांबडा दिवा, ओल, औषधांचा वास, जेमतेम एका माणसाला वळता येईल एवढी जागा. तिला ते कोठडी म्हणत. आत जाताना मला सांगून जात, "वैद्य, दहा मिनिटांत आलो नाही तर दार तोडा."

वडील अचानक गेले तेव्हा मुंबईत रणदिव्यांचं संशोधन नुकतं सुरू झालं होतं. मागे आई आणि लग्नाच्या दोन बहिणी. संशोधन अर्धवट टाकून त्यांनी ही नोकरी धरली. कारखान्याने त्यांना यंत्र शिकायला सहा महिने विलायतेला पाठवलं आणि त्याबदली सात वर्षांचा बाँड लिहून घेतला. बहिणींची लग्नं झाली, बाँड राहिला. मॅनेजरसाहेब पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवायला आणत तेव्हा आधी यंत्रावर हात ठेवत, मग रणदिव्यांच्या खांद्यावर, आणि म्हणत, "दोन्ही विलायतेहून आणलेत." पाहुणे हसत. रणदिवेही हसत. मला त्या हसण्याचा राग यायचा.

पण त्या यंत्रावर दुपारच्या सुट्टीत त्यांचं स्वतःचं असं एक काम चाले. मॅनेजरला ते माहीत होतं आणि कारखान्याचं काम अडत नाही तोवर तो काणाडोळा करी. काम असं, की मँगनीजचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू एकमेकांना किती घट्ट धरून असतात, ते मोजायचं. किती जोर लावला तर ते सुटतील? हा जोर व्होल्टांत सांगतात.

मला ते त्यांनी चहाच्या बशीत बोट बुडवून टेबलावर रेघा ओढून समजावलं होतं. "दोनच अणू, एवढाच संसार. तापवला की दोघं लांब-जवळ, लांब-जवळ हलतात. हे हलणं वाढतं ते जिना चढल्यासारखं, पायरीपायरीने. खालच्या पायऱ्या उंच. वर जावं तशी एकेक बुटकी होत जाते. प्लेटवर ज्या पट्ट्या उमटतात त्यांच्यातली अंतरं मोजली की पायरीची उंची कळते. आणि जिथे उंची शून्य झाली तिथे जिना संपला, बंध तुटला, दोघं मोकळे."

"मग वरपर्यंत मोजा, झालं."

"वरपर्यंत दिसतो कुठे? सहा-सात पायऱ्या दिसतात. पुढे सगळं धूसर. मग आलेखाच्या कागदावर ठिपके द्यायचे, पट्टी लावायची आणि रेघ पुढे ओढत न्यायची. शेवटची पायरी कुणी बघितलेली नसते, वैद्य. ती धरून चालायची." एवढं बोलून त्यांनी टेबल बाहीने पुसलं.

मँगनीज ऑक्साइडची काळी भुकटी ते स्वतः शुद्ध करत. कार्बनच्या कांडीला टोकाशी वाटीसारखी खोलगट जागा कोरायची, तिच्यात भुकटी भरायची, अंगठ्याने दाबून बसवायची आणि कमान पेटवायची. आधी रिकाम्या कार्बनची एक प्लेट घ्यायची, म्हणजे कार्बनमध्ये काही भेसळ असली तर कळते. शेजारी लोखंडाच्या रेषा उमटवायच्या, त्या मैलाच्या दगडांसारख्या उपयोगी पडतात. या सगळ्यात ते सोवळ्यातल्या बाईसारखे कडक होते. मी एकदा त्यांच्या टेबलावर माझी फिनॉल्फ्थॅलीनची बाटली ठेवली तर दोन दिवस बोलले नाहीत.

एका दुपारी ते कोठडीतून ओली प्लेट हातात घेऊन बाहेर आले आणि ती माझ्यासमोर उजेडात धरली. नारिंगी-तांबड्या भागात पाच फिकट पट्ट्या होत्या. कुणाच्याच कागदपत्रात नसलेल्या. त्यांनी त्या मायक्रोस्कोपखाली आठ-दहा दिवस पुन्हा पुन्हा मोजल्या. त्या जिन्यात बसत होत्या. अगदी चपखल नाही, कारण आमच्या यंत्राचा लोलक तांबड्या भागात आखडता हात घ्यायचा आणि सगळ्या रेषा तिथे दाटीवाटीने उभ्या असायच्या. पण बसत होत्या. रिकाम्या कार्बनच्या प्लेटवर त्यांचा मागमूस नव्हता, म्हणजे त्या भुकटीच्याच. पाच पायऱ्या नव्याने हाती लागल्या, रेघ लांबली, आणि इतकी वर्षं चार व्होल्टला टेकलेला आकडा पाचाकडे सरकला.

"मँगनीजबाईंना सगळे उगाच नाजूक समजत होते," रणदिवे म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला कारखान्याच्या कँटीनमध्ये बटाटेवडे खिलवले आणि बडबड बडबड बडबडले. इतका आनंदलेला माणूस मी त्या आवारात पुन्हा बघितला नाही.

त्यांनी बंगलोरच्या एका संस्थेतल्या प्राध्यापकांना कळवलं. उत्तर लवकर आलं. संशोधनासाठी एक जागा भरायची आहे, मोठं यंत्र आलेलं आहे, या पट्ट्या पक्क्या असतील तर जागा तुमची. मात्र नव्याने घेतलेली स्वच्छ प्लेट पाठवा. मॅनेजरसाहेबांकडे जाऊन रणदिव्यांनी बाँडचं विचारलं. साहेब चांगल्या मूडमध्ये असावेत. "सरकारी संस्थेचं बोलावणं आलं तर मी आड येणार नाही," म्हणाले. म्हणजे आता एका प्लेटचा सवाल होता.

मी त्या रविवारी त्यांच्याकडे गेलो. टिळक चौकाच्या मागे दोन खोल्या, खिडकी उघडली की शेजाऱ्याची भिंत. शालिनीवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पलीकडच्या आळीतल्या कानडी बाईंकडून शब्द शिकायला सुरुवात केली होती. मला पाणी देताना म्हणाल्या, "नीरु. बरोबर ना हो? आणि मीठ म्हणजे उप्पु." वहिनी एरवी फारसं बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी मला सात-आठ कानडी शब्द ऐकवले आणि तिकडे म्हणे प्रत्येक घराला बाग असते असं सांगितलं.

माई, रणदिव्यांच्या आई, भिंतीला टेकून वाती वळत बसल्या होत्या. आषाढी एकादशी दोन दिवसांवर आली होती. त्या म्हणाल्या, "मधू, मी चार महिने मासळी सोडतेय. तुझं बंगलोरचं काम व्हावं म्हणून."

कायस्थाच्या घरात मासळी सोडायची म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला मी सांगायला नको. रणदिवे म्हणाले, "माई, देव काय मासे मोजत बसलाय?"

"ते तू मला शिकवू नकोस. आणि तूही काहीतरी सोडायचंस. काम तुझं आहे."

"मी काय सोडू? भेंडी सोडतो."

"भेंडी तुला आवडत नाही. तंबाखू सोड. कार्तिकीपर्यंत. एवढं माझ्यासाठी कर, मग जा कुठे जायचं ते."

रणदिव्यांचा देवावर विश्वास नव्हता, पण आईपुढे त्यांचं काही चालत नसे. त्यांनी खिशातली डबी काढून माईंच्या पुढ्यात ठेवली. पुढे तीन-चार दिवसांनी खाडीवरची नेहमीची कोळीण टोपली घेऊन दारात आली आणि दोनदा नको म्हटल्यावर घाबरून म्हणाली, "काय गो बाय, घरान कोन आजारी हाय का?" हे मला रणदिव्यांनीच सांगितलं, हसत हसत. तेव्हा ते अजून हसत होते.

नवीन प्लेट घेतली ती एकादशीनंतर पाचव्या-सहाव्या दिवशी. मँगनीजच्या पट्ट्या स्वच्छ, खणखणीत. त्या नव्या पाच मात्र उमटल्याच नव्हत्या.

त्यांना वाटलं, हवा दमट आहे, प्लेट बिघडली. दुसरी घेतली. मग भुकटी नव्याने तयार केली. कार्बन बदलला. औषधं बदलली. तंबाखू नसल्यामुळे आधीच डोकं फिरलेलं, त्यात हे. स्टोअरकीपरवर ओरडले, माझ्यावर ओरडले, एकदा यंत्रावरही ओरडले. कोठडीत जाताना आता मला सांगून जात नसत. बंगलोरहून प्लेटची आठवण करून देणारी दोन ओळींची चिठ्ठी आली. ती त्यांनी मला दाखवली आणि पुन्हा घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. जुनी प्लेट होती, तिच्यावर पट्ट्या होत्या, म्हणजे स्वप्न नव्हतं. मग गेल्या कुठे?

आम्ही चहा घेत होतो. रणदिवे समोर भिंतीकडे बघत होते. सवयीने त्यांचा उजवा अंगठा रिकाम्या डाव्या तळहातावर फिरत होता, गोल गोल. फिरता फिरता थांबला. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरला आणि बराच वेळ बघितला. मला वाटलं, काही टोचलं.

"वैद्य," ते म्हणाले, "फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे चुन्याची डबी असते. आणता?"

मी आणली. मला तोवर काही कळलं नव्हतं. त्यांनी अंगठ्याला चुना चोळला, नळाखाली हात धुतला, जसा रोज धूत असत तसाच, टॉवेलने पुसला, आणि कांडीच्या वाटीत भुकटी भरून तिच्यावर तो अंगठा दाबला. कमान पेटवली. प्लेट घेऊन कोठडीत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांनी प्लेट माझ्या हातात दिली आणि स्टुलावर बसले. पाचही पट्ट्या परत आल्या होत्या.

चुन्यातलं कॅल्शियम. कातडीच्या रेघारेघांत रोज नव्याने मुरणारं, एका धुण्याने न जाणारं. पोलादाच्या काड्यांना अंगठा लावावा लागत नसे, म्हणून कारखान्याच्या कामात ते कधी दिसलं नाही. रिकाम्या कार्बनला तर कुणी हातच लावत नव्हतं. ज्या एका गोष्टीला ते जीव लावून स्वतःच्या हाताने करत, फक्त तिच्यातच ते शिरलं. आणि आमच्या लोलकाच्या दाटीवाटीत मँगनीजच्या जिन्यात पायऱ्या म्हणून उभं राहिलं.

"मी स्वतःलाच चुना लावला हो," रणदिवे म्हणाले आणि हसायला लागले. मीही हसलो, हसण्यासारखंच होतं. मग माझ्या लक्षात आलं की ते थांबत नाहीयेत. मी उठून प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं. ते लावलेलं त्यांना चाललं, असं त्या एकाच वेळी झालं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "जुनी प्लेट पाठवून द्या. आधी तिथे पोचा, मग हळूच दुरुस्त करा. कोण विचारतंय?" मी हे अगदी मनापासून म्हटलं, आणि आजही त्याची मला लाज वाटत नाही. मला तो माणूस तिथून सुटायला हवा होता.

"आकडा माझा असता तर पाठवला असता," ते म्हणाले. "तो मँगनीजचा आहे. त्याला न विचारता कसा देऊ?"

त्यांनी बंगलोरला सगळं खरं कळवलं, चुन्यासकट. प्राध्यापकांचं उत्तर फार सभ्य होतं. प्रामाणिकपणाचं कौतुक केलं होतं, पुढे संधी येईल असं म्हटलं होतं, आणि जागा दुसऱ्या उमेदवाराला दिल्याचं शेवटच्या ओळीत होतं. मॅनेजरसाहेबांना रणदिव्यांनी एवढंच सांगितलं की बंगलोरचं रद्द झालं. साहेब म्हणाले, "छान, छान," आणि त्या संध्याकाळच्या पाहुण्यांना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून दाखवलं.

घरी त्यांनी वहिनींना खरं सांगितलं. माईंना म्हणाले, जागा गेली. का गेली ते सांगितलं नाही. आणि गंमत म्हणा, शिक्षा म्हणा, कार्तिकी एकादशीपर्यंत त्यांनी तंबाखूला हात लावला नाही. माईंनीही मासळीला लावला नाही. काम मोडल्यावरसुद्धा दोघं आपापला नेम पाळत राहिली. मी रणदिव्यांना म्हटलं, "अहो, आता कशासाठी?" तर म्हणाले, "मी नेम मोडला तर ती विचारेल का मोडलास. मग सगळंच सांगावं लागेल. तिने माझ्यासाठी तोंड बांधलं आणि त्याच्याचमुळे माझं काम बुडालं, हे आईला कुठल्या तोंडाने सांगू?"

पुढे मला ठाण्यालाच नोकरी मिळाली आणि मी कारखाना सोडला. रणदिव्यांचा बाँड संपला, त्यानंतरही दोन-तीन वर्षं गेली. ते कुठे गेले नाहीत. बंद दार बंद आहे की नुसतं ओढून घेतलेलं, हे बघायलाही एक वय असतं.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी त्यांच्याकडे गेलो ते छप्पन सालात केव्हातरी. त्याच दोन खोल्या. रणदिव्यांचे केस कानांवर पांढरे झाले होते. माई थकल्या होत्या, डोळ्यांना कमी दिसत होतं, पण आवाज खणखणीत. मला त्यांनी जवळ बसवून घेतलं. रणदिवे बशीत चहा ओतून त्यांना पाजत होते.

"बरं झालं आलात हो वैद्य," माई म्हणाल्या. "आमच्या मधूला बंगलोरचं बोलावणं आलं होतं, तुम्हाला ठाऊक असेलच. मोठ्ठी जागा. पण आईला टाकून गेला नाही. कोण करतं आजकाल?"

मी रणदिव्यांकडे बघितलं. ते बशीकडे बघत होते.

"तुम्हाला म्हणून सांगते," माईंनी आवाज उतरवला, पण त्या खोलीत आवाज उतरवून काही होण्यासारखं नव्हतं. "मी तेव्हा चार महिने मासळी सोडली होती ना, ती याचं काम व्हावं म्हणून. सगळ्यांना तेच सांगितलं. पण रोज दिवा लावताना देवाला दुसरंच मागायचे. म्हणायचे, काम होऊ नको दे बाबा. माझ्याजवळ राहू दे त्याला. देवाने ऐकलं."

वहिनी रिकामे कप उचलून आत गेल्या. आत बराच वेळ भांड्यांचा काहीच आवाज आला नाही. रणदिव्यांनी बशी माईंच्या ओठांशी धरली, त्यांना घोट घेऊ दिला, मग त्यांच्याच पदराच्या टोकाने त्यांचं तोंड टिपलं आणि म्हणाले, "ऐकलं ना? मग झालं तर."

मला पोचवायला ते जिना उतरून खालपर्यंत आले. त्यांनी माझ्या बहिणीच्या नवऱ्याची चौकशी केली, काय करतो, कुठे राहतो. मी सांगितलं. ते मान हलवत होते. एकदा त्यांनी माझा दंड धरला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात वरून माईंची हाक आली. "मधूऽ!"

"आलो गं," रणदिवे म्हणाले, आणि माझा दंड सोडून माघारी गेले.